बापू, जंत आणि सोनखत

गेल्या फेब्रुवारीत माझी नात शाळेतून आली ती तोंड वाकडे करूनच. शाळेत साऱ्या मुलांना रांगेत बसवून जंताची गोळी चावून खायला लावली होती. जंतनाशक दिनाचा हा कार्यक्रम २०१५ पासून चालतो. दहा फेब्रुवारीला एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना शाळेत किंवा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. आमच्या बाईसाहेबांची तक्रार गोळीच्या चवीबद्दल नव्हतीच. जंत घाणेरड्या मुलांना होतात, मग आपल्याला गोळी कशाला, हा तिचा प्रश्न होता. मी तिला म्हटले, अगं, बापूंच्या पोटातसुद्धा जंत निघाले होते. ती खुदकन हसली. आजी काहीतरी गंमत करते आहे, असेच तिला वाटले असावे.

गंमत नव्हती ती. १९४४ च्या मे महिन्यात गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटले, तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते. त्या बंदिवासात महादेवभाई गेले होते, कस्तुरबा गेल्या होत्या. एप्रिलमध्ये गांधीजींना स्वतःला हिवतापाने झोडपले होते. सुटकेनंतर ते विश्रांतीसाठी जुहूला राहिले. अशक्तपणा हटेना, अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तेव्हा आतड्यात दोन पाहुणे सापडले. एक आमांशाचा अमीबा आणि दुसरा हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले. आमच्याकडे घराघरांतून गांधीजींची तसबीर असते आणि सेवाग्रामची एक तरी सहल झालेली असते. तरीही ही गोष्ट मला बरीच उशिरा, वाचनातून कळली. आणि कळल्यावर मी थबकले, कारण ज्या माणसाने उभा जन्म लोकांना विष्ठा मातीआड करा म्हणून सांगण्यात घालवला, त्याच्याच पोटात हा किडा निघावा? मग वाटले, यातच खरी गोष्ट आहे. गांधीजींचे चरित्र आपण सत्याग्रहांच्या क्रमाने वाचतो. ते कुदळ, घमेले आणि शौचकूप यांच्या क्रमानेही वाचता येते.

आधी त्या किड्याविषयी दोन शब्द. अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा. तो लहान आतड्याच्या अस्तराला तोंडाने चिकटतो आणि रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एक किडा दिवसाला थेंबाहूनही कमी रक्त पितो. पण पोटात असे शेकडो असले, तर महिन्या-दोन महिन्यांत माणूस पांढराफटक पडतो. त्याला धाप लागते, कामावर मन लागत नाही. गावात त्याला आळशी म्हणतात. मादी रोज हजारो अंडी घालते आणि ती शौचावाटे बाहेर पडतात. ओल, ऊब आणि सावली मिळाली की एक-दोन दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात. पाचदहा दिवसांत त्या तयार होऊन अनवाणी पावलाची वाट पाहतात. पाऊल पडले की कातडीतून आत. तिथून रक्तातून फुप्फुसात, श्वासनलिकेतून वर घशात, आणि गिळल्या गेल्या की थेट आतड्यात.

ही वाट आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोत योगायोगाने सापडली. अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब त्याच्या हातावर सांडले, जागा लाल होऊन खाजू लागली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात अंडी दिसली. हे वाचताना मला आमचे पावसाळे आठवले. बांधाच्या कडेने चिखल तुडवत आम्ही पोरे वावरात जायचो आणि पावले खाजायची. त्याला चिखल्या म्हणून सोडून देत असू. पोट दुखले की आजी वावडिंगाचा काढा नाहीतर पळसपापडी द्यायची आणि वर एरंडेल. पण गावची हागणदारी आणि आमचे खाजणारे पाय यांचा काही संबंध असेल, हे आजीला कोणी सांगितले नव्हते.

गांधीजींना हा संबंध किडा म्हणून ठाऊक नव्हता तेव्हापासून घाण म्हणून ठाऊक होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्या वेळी ते दक्षिण आफ्रिकेतून काही महिन्यांसाठी राजकोटला आले होते. वय सत्तावीस. शहरात खबरदारीसाठी समिती नेमली गेली, तिच्यात ते शिरले आणि घरोघरचे संडास पाहत सुटले. श्रीमंतांचे संडास अंधारे, ओलेचिंब, किड्यांनी बुजबुजलेले निघाले. अस्पृश्यांच्या वस्तीत जायला समितीतला एकच सभासद त्यांच्याबरोबर निघाला. तिथे संडासच नव्हते, पण अंगणे सारवलेली, भांडी लखलखीत. सोवळ्याच्या घरात घाण आणि ओवळ्याच्या घरात स्वच्छता, हा धडा त्यांनी जन्मभर सोडला नाही.

त्यांच्या या वेडाला एक काळी बाजूही होती आणि ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. दरबानच्या घरात शौचाची भांडी घरच्यांनीच साफ करायची, असा त्यांचा नियम होता. १८९८ च्या सुमारास घरी राहणाऱ्या, पंचम जातीतल्या एका कारकुनाचे भांडे उचलताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाहून गांधीजी संतापले. भांडे उचलायचे, तेही हसतमुखाने, हा हट्ट. तो इतका वाढला की बायकोचा हात धरून ते तिला दरवाज्याबाहेर काढायला निघाले. पुढे त्यांना याची लाज वाटली. स्वच्छता सक्तीने शिकवता येत नाही, हे त्यांना आधी घरातच कळले.

१९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रतिनिधींनी संडासांची दैना केली होती. स्वयंसेवकांनी हात झटकले, तेव्हा हा अनोळखी वकील झाडू मागून आपल्यापुरता संडास धुऊन मोकळा झाला. १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुप्फुसाचा प्लेग फुटला, तेव्हा एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून तेवीस रोग्यांची शुश्रूषा त्यांनी चार-पाच साथीदारांसह केली. पुढे टॉलस्टॉय फार्मवर प्रत्येकाने लहानशी कुदळ बाळगावी आणि जे जमिनीवर टाकले ते मातीने झाकावे, ही शिस्त आली. चपला शिवायलाही ते त्याच काळात शिकले. तुरुंगात बनवलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये आपले प्रतिस्पर्धी जनरल स्मट्स यांना भेट दिला. कुदळ आणि चप्पल. अंकुशकृमीविरुद्ध याहून स्वस्त हत्यारे आजही सांगता येत नाहीत.

तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९०९ मध्ये रॉकफेलरच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून हुकवर्मविरोधी मोहीम उभी राहिली. शाळकरी मुलांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांच्या पोटात हा किडा निघाला. औषधाने तो पडे, पण संडास नसलेल्या गावात तो पुन्हा येई. १९१७ मध्ये चंपारणात गांधीजी याच अनुभवातून गेले. भारत सेवक समाजाच्या डॉ. देवांना त्यांनी बोलावून घेतले. औषधे तीनच, एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम. बाकी सारे काम रस्ते झाडण्याचे आणि विहिरींभोवतीचा चिखल उपसण्याचे. काही गावे उत्साहाने लागली, काहींनी आपण हे काम करणार नाही असे साफ सांगितले.

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. दांडीयात्रेला निघताना स्वराज्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असे गांधीजींनी ठरवले होते. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून १९३३ मध्ये ते वर्ध्याला आले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले आणि जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाणे पडले. मगनवाडीशेजारीच सिंदी नावाचे खेडे होते. १९३५ मध्ये मीराबेन, महादेवभाई आणि इतर मंडळी सकाळी बादल्या, फावडी घेऊन सिंदीत जात आणि रस्त्यावरची विष्ठा उचलून आणत. महादेवभाई देसाई म्हणजे देशाच्या नेत्याचे चिटणीस, आणि मीराबेन एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. गावकरी पाहत उभे राहत आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर बसत. महिने गेले तरी चित्र फारसे पालटले नाही.

गांधीजींनी यावरून शहाणपणा एवढाच घेतला की बाहेरून जाऊन झाडण्यापेक्षा गावातच राहावे. ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावला राहायला गेले. वर्ध्यापासून आठ किलोमीटर, वस्ती सहाएकशे, बहुतेक हरिजन. रस्ता नाही, टपाल कचेरी नाही. त्यांची पत्रे गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. गावाने त्यांचे स्वागत हिवतापाने केले. त्याच सप्टेंबरात त्यांना वर्ध्याच्या सरकारी इस्पितळात पडून राहावे लागले. मीराबेन विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या. आश्रमात आमांश तर पाचवीलाच पुजलेला.

आश्रमात शौचासाठी उथळ चर खणत आणि वर कोरडी माती टाकत. यामागे पूर नावाच्या इंग्रज डॉक्टरचा विचार होता. जमिनीचा वरचा फूटभर थर सूक्ष्म जंतूंनी जिवंत असतो, तो मैल्याचे झपाट्याने खत करतो, असे पूर सांगे. गांधीजींना त्यात सोने दिसले. आपल्या भाषेने या खताला सोनखत हे नाव फार आधीच देऊन ठेवले आहे. गावाची घाण, गावाची गरिबी आणि गावाचा रोग या तिन्हींवर एकच उपाय, असे ते त्याकडे पाहत.

इथे मात्र थोडे थांबायला हवे. अंकुशकृमीच्या अळीला जी जागा हवी असते तीही हीच, जमिनीचा वरचा, मऊ, ओलसर थर. उथळ पुरलेल्या मैल्यातून अळ्या वर सरकू शकतात, आणि कच्चे सोनखत अनवाणी पायांनी शेतात पसरणे म्हणजे किड्याला आमंत्रणच. मैला पुरला म्हणजे निर्धोक झाला असे नाही. तो पिकला पाहिजे. ढिगात तो नीट कुजून पंचावन्न-साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, किंवा बंद खड्ड्यात वर्षभर पडून राहिला, तरच निर्धास्त. इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली ढीग कुजवण्याची रीत गांधीजींना ठाऊक होती, आवडलीही होती. आज खेड्यांत दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधतात, एक भरला की बंद करून दुसरा वापरतात, त्यात हाच हिशेब आहे. बापूंची दिशा बरोबर होती. मात्र खत पिकायला लागणारा वेळ हा त्यातला जीव की प्राण मुद्दा आहे.

सेवाग्रामच्या बापूकुटीत गेलात तर तिथे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी दिसेल. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा. आमच्या आजीचे म्हणणे असे की साप कधी एकटा येत नाही, तो उंदरामागे येतो. आमच्या कापूस-ज्वारीच्या मुलखात उंदीर आणि घुशी बांधातही आणि कणगीतही. उंदीर म्हटले की आपल्याला प्लेग आठवतो, पण त्यांच्या पोटातही जंत असतात आणि त्यांतले काही आपल्या वाट्याला येऊ शकतात. उंदराचा एक पट्टकृमी धान्यातल्या किड्यांमार्फत फिरतो. उंदराच्या लेंडीतली अंडी किडा खातो आणि न निवडलेल्या धान्यातून तो किडा क्वचित लहान मुलाच्या पोटात जातो. उंदराच्या फुप्फुसात राहणारा दुसरा एक कृमी गोगलगायींतून वाढतो. पावसाळ्यात पालेभाजीला चिकटलेली बारीक गोगलगाय कच्ची पोटात गेली, तर तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. उंदराचा स्वतःचा हुकवर्मसारखा एक कृमीही आहे. तो माणसाला होत नाही, पण कातडीतून फुप्फुसात आणि तिथून आतड्यात हीच त्याची वाट, म्हणून प्रयोगशाळांत माणसाच्या हुकवर्माचा अभ्यास त्याच्यावर करतात. या बाबतीत माणसाचे आणि उंदराचे आतडे फारसे वेगळे नाही, एवढे खरे.

म्हणजे जुहूच्या तपासणीत निघालेला किडा बापूंना कुठे चिकटला? हा कृमी वर्षानुवर्षे पोटात राहतो, त्यामुळे एका गावाला बोल लावता येत नाही. ते खेडोपाडी हिंडले होते, हरिजन यात्रेत हजारो मैल फिरले होते. त्यांची स्वतःची कुटी आरशासारखी असे. पण जंत हा एकट्या माणसाच्या स्वच्छतेला भीत नाही. शेजारच्या आळीत कोणी उघड्यावर बसत असेल, तर आपल्या अंगणापर्यंत चिखल येतोच. नातीला मी हेच सांगायचा प्रयत्न केला. जंत म्हणजे पोराच्या घाणेरडेपणाचा शिक्का नाही, तो साऱ्या गावाचा आजार आहे.

ऑगस्ट १९४४ मध्ये ते सेवाग्रामला परतले. पुढल्याच वर्षी डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने तिथे कस्तुरबांच्या नावाचे इस्पितळ सुरू झाले. गांधीजींच्या जन्मशताब्दीत, १९६९ मध्ये, त्यातूनच वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तिथे नवे विद्यार्थी आधी काही दिवस आश्रमात राहून झाडलोट करतात, आणि मग शरीरशास्त्राचे पुस्तक उघडतात.

सगळ्यांना गांधीजींचा मार्ग पटला नाही. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप कडक होता. सफाईच्या कामाला थोर म्हटल्याने ते पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांची सुटका होत नाही, उलट त्यांना तिथेच ठेवण्याची सोय होते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले, यावरूनच ते दिसते. गांधीजींची बाजू एवढीच की त्यांनी ते काम दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःच्या आणि आपल्या जवळच्या माणसांच्या हातात दिले.

ऑगस्ट १९४६ मध्ये ते सेवाग्रामहून दिल्लीला गेले ते परत आलेच नाहीत. त्या हिवाळ्यात ते नोआखालीत होते. दंगलीने होरपळलेल्या त्या गावांतून जानेवारी १९४७ पासून ते अनवाणी चालले, तीर्थयात्रेला चालावे तसे. वय सत्त्याहत्तर. काही ठिकाणी त्यांच्या वाटेवर मुद्दाम मैला टाकून ठेवलेला असे. ते वाकत, झाडाची पाने घेत आणि वाट साफ करून पुढे जात. अंकुशकृमीचा माहितगार कोणीही डॉक्टर त्या ओल्या मातीत त्यांना अनवाणी चालू देणार नाही. पोटात एकदा किडा निघालेल्या माणसाला त्या पाऊलवाटेचा धोका समजत नव्हता असे कसे म्हणावे? त्या वेळी त्यांना आरोग्याहून मोठे काही वाचवायचे होते.

इकडे वर्ध्याजवळ १९४६ पासून विनोबा रोज सकाळी पवनारहून चालत सुरगावला जात होते, खांद्यावर फावडे टाकून. गावाची घाण काढायची आणि परतायचे. गांधीजींच्या हत्येपर्यंत हा नेम चालला. गाडगेबाबांचा खराटा तर विदर्भाच्या घराघरांत ठाऊक आहे. सिंदीत जे जमले नाही, ते कोणीतरी पुढच्या गावात नव्याने करून पाहत होते.

हे प्रयत्न वाया जात नाहीत, याचा दाखला नारू आहे. माझ्या आजीच्या पिढीने पायात नारू पाहिले होते. पायविहिरी बंद झाल्या, पाणी गाळून प्यायची सवय लागली आणि १९९६ नंतर देशात नारूचा रोगी आढळला नाही. २००० मध्ये तशी जागतिक मान्यताही मिळाली. औषध नव्हते, लस नव्हती, गावाने एकत्र काही केले एवढेच. उलट मातीतून पसरणारे जंत आजही जगात सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात आहेत. गोळी त्यांना पाडते. त्यांना परत येऊ न देणे हे काम गोळीचे नाही.

ते काम आपले. पायात चप्पल, जेवणाआधी हात, धान्य निवडून आणि झाकून, पालेभाजी धुऊन, खत पिकल्यावरच वावरात, आणि संडास असेल तर तो वापरात. आमच्या गावात संडास आता घरोघर आहेत. एका घरी तो गोवऱ्या ठेवायला वापरतात, हे मी परवाच पाहून आले. मी त्या घरी बोलले नाही. बोलायला हवे होते, असे परतताना वाटत राहिले. पुढच्या खेपेला बोलेन म्हणते.

नातीने मात्र एक केले. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने सांगून टाकले की गांधीजींनासुद्धा जंत होते. बाईंनी ते खरे मानले की नाही, ठाऊक नाही. म्हणून हा लेख तिच्या दप्तरात ठेवून देणार आहे.